कंबारला लावलेला उकार

मी एका लोहाराला कुंभार केलं.

जादूटोण्यानं नव्हे, अर्जानं. आमच्या बीदरकडच्या मेहकरचे मारुतीअप्पा, साठी ओलांडलेला, आजापासून ऐरणीवर पोट असलेला माणूस. त्यांना मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, निळ्या शाईत कुंभार करून टाकलं. आणि सरकारनं माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. माझं अक्षर फार चांगलं आहे, तिथंच सगळा घोटाळा झाला.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं होतं की, तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहून द्या. गमतीचे पुष्कळ आहेत, त्यातले एकदोन देतोही. पण लिहायला बसलो की हाच अनुभव आधी येऊन बाकड्यावर बसतो आणि दुसऱ्याला जागा देत नाही. तेव्हा त्याचंच काम आधी उरकतो.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. तालुक्याच्या कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझं टेबल होतं. जुनी माणसं मला अर्जनवीस म्हणायची, हा निजामाच्या वेळचा शब्द. नवी माणसं 'लिवणारे अण्णा' म्हणायची. आमच्या बीदरकडच्या सीमेवर हा धंदा चालतो त्याला कारण आहे. जमिनीचे जुने कागद उर्दूत, नवे कागद कन्नडमध्ये, आणि भांडण मात्र मराठीत. या तिन्हींच्या मधे एक टेबल लागतं. त्या टेबलामागं मी तीसेक वर्षं बसलो.

काम असं: माणूस येतो, समोर बसतो आणि गोष्ट सांगायला लागतो. म्हैस आजारी पडल्यापासून सुरुवात करतो, मधे सुनेचं माहेर येतं, बांधावरची बाभळ येते, कुणाच्या तरी लग्नातला मानपान येतो. त्यातून आपण चार ओळी काढायच्या. कोण, कुठला, काय पाहिजे, कशाच्या आधारावर. त्या चार ओळी कन्नडमध्ये मांडायच्या, खाली सही घ्यायची. उरलेलं सगळं, म्हणजे खरं तर माणूस, बाकड्यावरच राहतो. त्याला कागदात जागा नसते.

तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. राजेश्वर गावचे एक आजोबा दर सोमवारी बाजाराला आले की माझ्याकडून भावाविरुद्ध अर्ज लिहून घ्यायचे. विषय नेहमीचा, सामाईक चिंचेचं झाड. अर्ज घडी करून छातीच्या खिशात ठेवायचे आणि बसस्टँडकडं चालू लागायचे. एकदा मी विचारलं, "आजोबा, अर्ज आत देत कामून न्हाई?" तर म्हणाले, "द्यायचा कशाला बाबा? भाऊ हाय त्यो माजा. लिवलं की हलकं वाटतंय."

चुकाही झाल्या. धंद्याच्या सुरुवातीला माझं कन्नड पातळ होतं. दुबलगुंडीच्या एका कन्नड शेतकऱ्याला उदगीरच्या जावयाला मराठीत पत्र पाठवायचं होतं. तो कन्नडमध्ये सांगत होता, मी मराठीत उतरवत होतो. कन्नडमध्ये 'हत्ती' म्हणजे कापूस. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हात मराठी होता. पत्र गेलं: 'यंदा अवकाळीनं घरात ठेवलेला सगळा हत्ती भिजला, काळा पडला, आता कुणी घेत नाही.' जावई दुसऱ्या दिवशीच्या बसनं आला. सासऱ्याचं डोकं फिरलं असं समजून सोबत मोठ्या भावालाही घेऊन आला होता. त्या दोघांना चहा मीच पाजला.

या चुका हसण्यावारी गेल्या. मारुतीअप्पांच्या बाबतीतली गेली नाही.

थंडीचे दिवस होते. मारुतीअप्पा आणि त्यांची बायको चंद्राबाई दोघं माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी बसा म्हटल्यावर अप्पा बसले. चंद्राबाई उभ्याच. डाव्या हातानं उजवा खांदा दाबून धरायची त्यांना सवय दिसत होती.

"अण्णा, कारागिराच्या योजनेचा अर्ज लिवायचा हाय," अप्पा म्हणाले. "मशीन भेटतंय म्हणं."

"भेटतं. धंदा काय लिहू?"

अप्पा सावरून बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "कंबार."

आता हे नीट समजून घ्या. घरी कुणी विचारलं असतं तर त्यांनी 'लोहार' म्हटलं असतं. पण कागद कन्नड, कचेरी कन्नड, म्हणून माझ्या सोयीसाठी त्यांनी कन्नड शब्द वापरला. कन्नडमध्ये लोहाराला कंबार म्हणतात. शेजारच्या गावची कन्नड माणसं त्यांना 'कंबारण्णा' अशीच हाक मारायची.

आणि मला हा शब्दच ठाऊक नव्हता! तालुकाभर मी 'कन्नडचा पक्का' म्हणून मिरवायचो, पण माझं कन्नड सगळं परिपत्रकांतून शिकलेलं. चुलीपाशी, रानात, आठवडी बाजारात बोलतात ते कन्नड मला कधी शिवलं नाही. लोहार माणूस माझ्या कागदांत एक तर 'लोहार' असायचा, नाही तर 'विश्वकर्मा'. कंबार कधी भेटला नव्हता. 'कुंबार' मात्र आठवड्याला एक तरी भेटायचा. आपला कुंभार कन्नडमध्ये जाताना भ मधला श्वास सोडून येतो, कुंबार होतो. तेव्हा माझ्या मनानं लगेच निकाल दिला: या मराठी माणसाला आपल्याच धंद्याचं कन्नड नाव धड म्हणता येत नाही.

"कुंबार," मी सुधारलं.

"कंबार," चंद्राबाई मागून म्हणाल्या.

"अक्का, कन्नडात कुंबार म्हणतात. कु. उकार असतो त्याला."

"कंबार म्हणत्यात ओ आमाला. सगळे म्हणत्यात."

"म्हणत असतील. पण बोलायचं निराळं आणि लिहायचं निराळं. 'पाणी' आपण कसं म्हणतो? पानी. म्हणून लिहिताना पानी लिहितो का?"

झेरॉक्सच्या रांगेतले दोघेतिघे ऐकत होते. त्यांनी माना डोलावल्या. मला अजून चढलं. आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. कन्नडमध्ये 'क'चा 'कु' करायला अक्षराच्या उजव्या अंगाला एक छोटी शेपटी द्यावी लागते. ती मी अशी काही झोकात ओढली की बघत राहावं.

चंद्राबाई गप्प झाल्या. शिकलेल्या माणसासमोर बाई तिसऱ्यांदा बोलत नाही, हे आमच्याकडं शिकलेल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं.

पुढचे रकाने भरताना तरी मला शंका यायला हवी होती. पण देवाची, दैवाची नाही तर माझ्या मूर्खपणाची करणी अशी की प्रत्येक उत्तर कुंभारालाही जुळत गेलं.

"भट्टी आहे?"

"हाय की."

"काम कधी जास्त असतं?"

"उन्हाळ्यात. पाऊस पडस्तोवर दम खायला येळ न्हाई."

"माल कुणाला देता?"

"गावालाच. पिढ्यान् पिढ्या."

"मशीन कुठलं पाहिजे?"

"लाइटीवर फिरतंय ते. हिचा खांदा गेलाय अण्णा, फिरवून फिरवून. आता हिच्यानं हुत न्हाई."

"चाक ना?"

"व्हय, चाकच की ते."

लोहाराच्या भट्टीला वारा घालायचा जुना चामडी भाता आता गेला. त्याच्या जागी लोखंडी पंखा असतो, आणि तो फिरवायला बाजूला एक चाक. ते चाक चंद्राबाई फिरवायच्या. अप्पा सांडशीत लाल लोखंड धरायचे, मग चाक सोडून त्याच चंद्राबाई घण उचलायच्या. हा धंदा जोडप्याचा असतो. धरणारा एक, मारणारा एक. फाळ, कुळवाची पास, खुरपी, विळे, सगळं त्या बाईच्या उजव्या खांद्यावरून गावात जायचं. त्या खांद्यासाठी ती दोघं आली होती. लाइटीवरचा पंखा आणि लाइटीवरचा छोटा घण मिळाला तर तो खांदा वाचणार होता.

मी रकान्यात लिहिलं: 'कुंभाराचे विजेवर चालणारे चाक.' आणि खाली अप्पांनी सही केली. मराठीत, एकेक अक्षर दाबून. वर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं नाही. कुणालाच दाखवत नव्हतो. वेळ जातो.

पुढचं मला श्रावणात कळलं. दोघं पुन्हा आली. अप्पांच्या हातात कागदांची पिशवी, चंद्राबाईंचा उजवा हात फडक्याच्या झोळीत.

"अण्णा, हे काय झालंय बगा जरा," अप्पा म्हणाले आणि हसत हसत सांगायला लागले. त्यांच्या हसण्यात माझ्यावरचा राग कणभरही नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना पत्र आलं होतं. पत्र कन्नड. गावातल्या एकानं त्यातलं ठिकाण आणि तारीख तेवढी वाचून सांगितली. कलबुर्गीकडं प्रशिक्षण आहे, ते केल्याशिवाय मशीन नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर, फाळांचा ढीग पडलेला असताना अप्पा गेले.

"पयल्या दिवशी चिखल तुडवाया लावले. मला वाटलं, साचा करायचा आसंल. लोखंड वतायला मातीचा साचा लागतोय न्हवं? म्हनलं, सरकार वतकाम शिकवायलंय, बरं हाय. दुसऱ्या दिवशी चाकावर बसवले. म्हनलं, हे कामून? पर समदे बसायलेत, आपुन बी बसलो. तिथली मॅडम लई चांगली. माजा माठ बगून म्हनली, अप्पा, तुमी खरंच पिढीजात हाव का?"

"मग?"

"मी म्हनलो, व्हय मॅडम, आजापासून."

ऐकणारे हसले. मीही हसलो. तेवढ्यात पिशवीतला कागद माझ्या हातात आला, आणि त्यावर ती शेपटी दिसली. माझीच. छापील अक्षरात, पण माझीच.

अप्पा सांगतच होते. ते तिकडं माती मळत असताना इकडं गावाचे फाळ थांबणार नव्हते. दिरानं सांडशी धरली, घण चंद्राबाईंनीच मारला. चौथ्या दिवशी घण वर गेला आणि खांदा तिथंच राहिला. आता मशीन आलं होतं. घरात, ऐरणीशेजारी, कुंभाराचं चाक.

"आता याचं काय करू अण्णा?"

इथवर जे झालं त्याला चूक म्हणतात. इथून पुढं मी जे केलं त्याला दुसरा शब्द आहे, तो ज्यानं त्यानं घालावा.

मला सगळं कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं: अप्पा, चूक माझी आहे. रांगेत सातआठ माणसं उभी होती. मी चष्मा पुसला आणि व्याख्यान सुरू केलं. म्हणालो, मुळात हे शब्दच मोठे घोटाळ्याचे आहेत. लोहार म्हणजे लोहकार, कुंभार म्हणजे कुंभकार. दोन्हीकडं 'कार'च. कंबार काय, कुंबार काय, मुळात एकाच घरचे. सरकारचं कॉम्प्युटर यात गोंधळणारच. तरी मी त्या दिवशी विचारलं होतं, भट्टी आहे का? तुम्ही आहे म्हणालात. चाक का? तुम्ही व्हय म्हणालात.

अप्पांनी थोडा वेळ आठवून बघितलं. मग कान धरला.

"खरं हाय अण्णा. मीच चाक म्हनलो. चुकलं माजं."

तो माणूस माझी माफी मागत होता आणि मी "असू द्या, असू द्या" म्हणत होतो. चंद्राबाई नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. लगेच दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. त्यात कारण द्यावं लागतं. मी सुवाच्य कन्नडमध्ये लिहिलं: 'अर्जदाराने तोंडी चुकीची माहिती दिल्यामुळे.'

"काय लिवलाव?" चंद्राबाईंनी विचारलं.

"दुरुस्ती," मी म्हणालो.

अप्पांनी सही केली. जाताना म्हणाले, "लई उपकार झाले."

महिना-दीड महिन्यानं मेहकरचा एक ओळखीचा शेतकरी बाजाराला आला होता. तो बोलता बोलता म्हणाला, "आमच्या मारुतीअप्पाला पोरंसोरं कुंभारअप्पा म्हणून चिडवायलेत." आणि पुढं म्हणाला, "वरून उत्तर आलंय त्येंना. शाळेच्या गुरुजीनं वाचून दाखविलं. अर्जदारानं खोटी माहिती दिली हे अर्जदारानंच लिहून दिलंय, म्हणून आता काय मिळणार न्हाई. अप्पा गुरुजीला म्हणायलेत, मी आसं कवा लिवून दिलो?"

त्या दिवशी मी टेबल लवकर बंद केलं.

इथं मला माझ्या वडिलांविषयी दोन ओळी लिहाव्या लागतात. आमचं घर बौद्ध. धर्म बदलल्यावर वडिलांनी आमच्या कागदांवरचा एक जुना शब्द काढून त्या जागी नवा शब्द बसवण्यासाठी किती वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, ते मी त्यांच्या बोटाला धरून बघितलं होतं. दर वेळी कुणीतरी चांगल्या अक्षराचा माणूस त्यांना सांगायचा की, तुम्हीच मागच्या वेळी नीट सांगितलं नाही. मी या धंद्यात आलो तो त्या माणसाच्या जागी आपला माणूस बसावा म्हणून. आपला माणूस बसला, आणि तेच वाक्य बोलला.

पुढचे काही दिवस मी तालुक्याच्या वाचनालयात शब्दकोश चाळत काढले. पश्चात्तापाची ही माझी तऱ्हा. मेहकर दहाबारा मैलांवर, पण मी आधी संस्कृतात गेलो. जाणकार सांगतात की, कन्नडचा कंबार आधी कम्मार होता, तेलुगूत त्याला कम्मरि म्हणतात, आणि या सगळ्यांचं मूळ 'कर्मार' या फार जुन्या शब्दात आहे. कर्मार म्हणजे लोहार. त्यातला 'कर्म' म्हणजे काम. इतके धंदे जगात, पण ज्याला नुसतं 'काम करणारा' म्हटलं तरी कळावं, तो लोहार. म्हणजे मी रांगेसमोर झोडलेलं 'एकाच घरचे' तेही खोटं होतं. कुंबारच्या घरात कुंभ आहे, कंबारच्या घरात काम आहे. मधे माझी शेपटी.

अखेर एका सकाळी मेहकरची बस धरली.

अप्पांची भट्टी गावाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली. कोपऱ्यात कुंभाराचं चाक पोत्यानं झाकून ठेवलेलं होतं. अप्पा भट्टीशी बसले होते आणि चंद्राबाई डाव्या हातानं पंखा फिरवत होत्या. उलट्या हाताला लय सापडत नव्हती. निखारे फुलायचे आणि बसायचे, फुलायचे आणि बसायचे. मला बघून अप्पा उठले, पोतं झटकून माझ्यासाठी अंथरलं. चिडवणं, ते उत्तर, काहीच त्यांनी काढलं नाही. "च्या घेताव का?" म्हणाले.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कंबार शब्द मला माहीत नव्हता. अक्कांनी दोनदा सांगितला, मी दोनदा उडवून लावला. दुसऱ्या अर्जात तुमच्या नावावर माझी चूक घातली. तुम्हाला कन्नड वाचता येत नाही, म्हणून घातली.

अप्पांनी सांडशीनं निखारे सारले. मग म्हणाले, "म्हंजी मी नीटच सांगितलो व्हतो?"

"नीटच सांगितलं होतं."

"मला वाटायलं, म्हातारपणानं मला भरम झाला. रोज आठवायलो, मी काय बोल्लो, काय बोल्लो." त्यांनी सांडशी खाली ठेवली. "आपल्याच बापाचं नाव चुकीचं सांगितल्यावानी वाटायलं ओ."

 अडलो की मी माहिती सांगतो. म्हणून कर्मारचं सांगितलं. अप्पांनी ते मात्र मन लावून ऐकलं.

"काम करणारा? एवढंच?"

"एवढंच. आणि लोहारमधलं 'लोह' म्हणजे मुळात लाल धातू. तांबडा. लोखंडाला ते नाव मागून मिळालं."

"त्ये बराबर हाय," अप्पा म्हणाले. "लाल हाय तवर लोखंड ऐकतंय. काळं पडल्यावर घण मोडंल, पर त्ये वाकायचं न्हाई." मग बायकोकडं वळून म्हणाले, "बगितलीस? अण्णांनी आपल्यासाठी पुस्तकं उलथी-पालथी केली."

चंद्राबाईंनी पंखा थांबवला नाही.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. माझ्या नावानं मी प्रतिज्ञापत्र करून दिलं, की चूक अर्जदाराची नसून लिहिणाऱ्याची आहे. चाक परत गेलं, अप्पा कागदावर पुन्हा लोहार झाले, पंखा आणि घण आला. यायला आणखी एक पेरणी गेली. चंद्राबाईंचा उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. केस सुनेकडून विंचरून घ्यावे लागतात. तालुक्यात माझी चूक जाहीर झाली आणि काही गिऱ्हाइकं पलीकडच्या टेबलावरच्या अर्जनविसाकडं गेली. ते बरं झालं, त्याच्याकडं गर्दी झाल्यावर तोही चुकायला लागला. मी मात्र टेबल बंद करेपर्यंत प्रत्येक अर्ज सहीआधी मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवत राहिलो. लोक कंटाळायचे. "आमचा भरवसा हाय की अण्णा," म्हणायचे. त्याचीच मला भीती वाटायची.

पण ती सवय लागली कशी, ते सांगायचं राहिलं.

ते प्रतिज्ञापत्र मी त्याच दिवशी, त्याच छपराखाली, ऐरणीच्या ठोकळ्यावर कागद ठेवून लिहिलं. म्हटलं, आधी मराठीत लिहितो, तुम्हाला वाचून दाखवतो, तुम्हाला पटलं तरच कन्नडमध्ये उतरवतो. अप्पांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. चंद्राबाईंनी पंखा थांबवला आणि पहिल्यांदाच समोर येऊन बसल्या.

मी लिहिलं. लिहिता लिहिता जुना हात परत आला, वाक्यं गोल गोल व्हायला लागली. संपल्यावर घसा साफ करून मी वाचलं:

"मी खाली सही करणार शपथेवर लिहून देतो की, सदर अर्जदार श्री. मारुती हे पिढीजात लोहार असून, त्यांनी व त्यांच्या पत्नीने आपला व्यवसाय अचूक सांगितला होता. तथापि, माझ्या अनवधानाने..."

"थांबा," चंद्राबाई म्हणाल्या. "त्ये काय म्हनलाव? अन... अनव..."

"अनवधान."

"म्हंजी काय?"

"म्हणजे अक्का, लक्ष नसणं. आपलं लक्ष नसताना हातून काहीतरी होऊन जातं, तसं."

चंद्राबाईंनी फडक्यातला हात मांडीवर सावरून घेतला.

"खोटं हाय त्ये," त्या म्हणाल्या. "लक्ष नव्हतं कसं? लई लक्ष व्हतं तुमचं. समदं तुमच्याच बोलण्याकडं व्हतं. तसं लिवा."